घरात कुणालाच फ्रेंच येत नसताना मुलीला मदत कशी करायची?

डिचोली तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा: मुलगी नववीत आहे. आठवीत तिने तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली. पहिल्या वर्षी गुण छान पडले, यंदा पहिल्या सत्रात एकदम खाली आले. निबंध आणि पत्रं पाठ करते, पण धड्याबाहेरचं एक वाक्य विचारलं की गप्प होते. घरात मराठी, शेजारी कोंकणी, शाळेत इंग्रजी-हिंदी. आम्हा दोघांना फ्रेंचमधलं काहीच येत नाही. सासरे जुने पोर्तुगीज शिकलेले, ते म्हणतात पोर्तुगीजच घ्यायला हवी होती. चांगली ट्यूशन म्हापशाला आहे, पण जाऊन-येऊन संध्याकाळ संपते. आम्ही नेमकं काय करावं?

ताई, ट्यूशनचं नंतर बघू. गोव्यातल्या मुलांना मी बरीच वर्षं फ्रेंच आणि पोर्तुगीज शिकवत आले आहे, आणि आठवीत हुशार ठरलेलं मूल नववीत घसरलं ही तक्रार दरवर्षी ऐकते. तुमची मुलगी अचानक आळशी झालेली नाही. आठवीचा अभ्यासक्रम असा असतो की तो पाठांतरावर निभावून जातो: नमस्कार-चमत्कार, घरची माणसं, आकडे, रंग, वार, वर्तमानकाळातली चार-पाच क्रियापदं. नववीत भूतकाळ येतो, सर्वनामं येतात, नकार येतो, आणि प्रत्येक गोष्ट आठवीच्या क्रियापदांवर उभी राहते. भूतकाळ करायला ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ (म्हणजे आपल्याकडे काहीतरी असणे) या दोन क्रियापदांची वर्तमानकाळातली रूपं जिभेवर हवीत. ती विचार करून आठवावी लागत असतील, तर पुढचं वाक्य सुरू होण्याआधीच मूल दमतं. मग ते सोपा मार्ग धरतं आणि आख्खा निबंध पाठ करतं.

शाळेत हे सुटत नाही याला शिक्षक जबाबदार नसतात, वेळच तेवढा नसतो. समजा आठवड्याला चार तासिका आहेत, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या, आणि वर्गात ४० मुलं आहेत. शिक्षकांनी अर्धा वेळ फक्त मुलांना बोलायला दिला, तरी एकेकाच्या वाट्याला आठवड्याला दोन मिनिटंही येत नाहीत. त्यातही जी मुलं धीट असतात ती बाकीच्यांचा वेळ घेतात. म्हणजे वर्षभर फ्रेंच शिकूनही तुमच्या मुलीच्या तोंडून एकूण तासभर फ्रेंच निघालं असेल की नाही, शंका आहे.

तिला कमी पडतोय तो ऐकणारा माणूस. ते काम तुम्ही करू शकता, आणि त्यासाठी तुम्हाला फ्रेंच यायची गरज नाही.

आपल्याकडे जत्रेला गावोगाव मराठी नाटक होतं. त्यात काम करणारा कुणीही आपली भाषणं मनात वाचून रंगमंचावर उभा राहत नाही. तो ती मोठ्याने म्हणतो, समोर कुणाच्या तरी हातात वही असते, अडला की पुढचा शब्द मिळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. वही धरणाऱ्याला अभिनय यावा लागत नाही. तुमच्या घरात ही वही तुम्ही धरायची आहे.

प्रत्यक्षात ते असं. मुलीने धड्यातली किंवा वर्गात झालेली दहा वाक्यं जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायची, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंचमध्ये. सुटे शब्द नकोत, वाक्यंच हवीत. ‘माझ्याकडे वेळ नाही’, ‘काल आम्ही म्हापशाच्या बाजारात गेलो’, ‘मला हे आवडत नाही’ अशी. तुम्ही मराठी बाजू वाचायची, तिने फ्रेंचमध्ये मोठ्याने सांगायचं, मग तेच वाक्य कागदावर लिहायचं. लिपी रोमन आहे, ती तुम्हाला वाचता येते. चिठ्ठीवरचं वाक्य आणि तिने लिहिलेलं वाक्य अक्षराला अक्षर जुळतंय का, डोक्यावरच्या रेघा आणि खालच्या शेपट्या जागेवर आहेत का, हे तुम्ही कुणाही शिक्षिकेइतक्या नीट तपासू शकता. मात्र चिठ्ठी बनवताना वाक्य पुस्तकातून किंवा शिक्षिकेने तपासलेल्या वहीतून उतरवलेलं असावं. चुकीचं वाक्य एकदा पक्कं झालं की काढायला फार त्रास होतो.

चिठ्ठ्या एका पेटीत तीन कप्पे करून ठेवा. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज विचारायचा. बरोबर आली की दुसऱ्यात, तो आठवड्यातून दोनदा. तिथेही जमली की तिसऱ्यात, तो पंधरा दिवसांतून एकदा. कुठेही चुकली की सरळ पहिल्या कप्प्यात परत. ही पद्धत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली. तिच्यामागचं निरीक्षण त्याहून जुनं आहे. हर्मन एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की नवं पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने विसरतं, आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी एकाच बैठकीच्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. फोनवर हेच काम अँकी नावाचं ॲप करतं. पण नववीच्या मुलीच्या हातात फोन दिला की पंधरा मिनिटांची चाळीस होतात, म्हणून मला कागदच बरा वाटतो. शिवाय कागदावर तुमचाही हात लागतो.

रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. रविवारी दोन तास बसवणं मला अजिबात पटत नाही.

आता आवाजाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण फ्रेंचमध्ये निम्मं दुखणं तिथेच आहे. फ्रेंच जसं लिहितात तसं वाचत नाहीत. ‘मी बोलते’, ‘तू बोलतेस’, ‘ती बोलते’, ‘त्या बोलतात’ ही चार रूपं लिहिताना शेवट तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी होतो, उच्चार मात्र चारही ठिकाणी एकच: पार्ल. जे मूल फक्त पुस्तकात बघून शिकतं, ते शेवटची सगळी अक्षरं वाचतं आणि ऐकायच्या परीक्षेत त्याला काही कळत नाही. जे फक्त ऐकून शिकतं, ते लिहिताना शेवट गाळतं आणि गुण घालवतं. दोन्ही एकत्र व्हावं लागतं, म्हणजे धड्याचा ऑडिओ लावायचा, ओळीवर बोट ठेवून ऐकायचं, मग ऑडिओबरोबर बोलायचं, मग पुस्तक मिटून ऐकत लिहायचं. ऐकून लिहिण्याचा हा जुना प्रकार बऱ्याच शाळांतून मागे पडला आहे. तो घरी जरूर सुरू करा. पाच ओळी पुरतात. पाठ्यपुस्तकाला ऑडिओ नसेल तर शिक्षिकेला विनंती करा, त्या धडा वाचून व्हॉट्सॲपवर पाठवतील. माझ्या ओळखीच्या बहुतेक शिक्षिका हे आनंदाने करतात, कुणी मागतच नाही.

शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची मुलांना सवय असते. पहिल्या महिन्यात मी ती चालवून घेते, नंतर बंद करायला लावते. कारण असं की काही आवाज देवनागरीत बसतच नाहीत. ‘तू’ या अर्थाचा फ्रेंच शब्द आणि ‘सगळं’ या अर्थाचा शब्द मुलं दोन्ही ‘तू’ असेच लिहितात, पण त्यांतले स्वर वेगळे आहेत. पहिल्यासाठी तोंडात ‘ई’ म्हणायचं आणि ओठ मात्र ‘ऊ’सारखे गोल करायचे. आरशासमोर करून बघायला सांगा, दोन दिवसांत जमतं. हा फरक क्षुल्लक नाही. ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन शब्दांत फक्त याच एका स्वराचा फरक आहे. स्वर चुकला की वस्तू टेबलाच्या वर आहे की खाली, याचा अर्थच उलटा होतो.

नाकातले स्वर मात्र गोव्यातल्या मुलांना लवकर साधतात, हा माझा नेहमीचा अनुभव. ‘हांव’, ‘खंय’, ‘कितें’ कानावर पडत मोठं झालेल्या मुलाला स्वर नाकातून सोडणं शिकवावं लागत नाही, फक्त कुठला स्वर तो ओळखायला शिकवावं लागतं. ‘वारा’, ‘वाइन’ आणि ‘ते जातात’ या अर्थाचे तीन फ्रेंच शब्द साधारण व्हां, व्हँ, व्हों असे आहेत, आणि बाकी काही फरक नाही. तुमच्या मुलीला सांगा की घराबाहेरची कोंकणी तिच्या कामाची आहे. तिच्याकडे चार भाषा आहेत म्हणून पाचवीचं ओझं होतंय, असा तुमच्या पत्राचा सूर मला जाणवला. मी त्याच्या अगदी उलट म्हणेन.

मराठीचंच बघा. इंग्रजीतून फ्रेंच व्याकरण समजावलं की मुलं म्हणतात, टेबलाला लिंग कशाला? मराठी बोलणाऱ्या मुलाने हे म्हणायचं कारणच नाही. आपल्याकडे टेबल ते, खुर्ची ती, पंखा तो. विशेषण बदलतं, क्रियापदही बदलतं: चांगला पंखा, चांगली खुर्ची. फ्रेंचमध्ये लिंगं दोनच आहेत, आपल्याहून एक कमी. अडचण फक्त ही की लिंग मराठीशी जुळत नाही, म्हणून शब्द कधीही एकटा पाठ करायचा नाही, त्याच्याआधी येणारं ‘ल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) धरूनच पाठ करायचा. काही शेवट मदत करतात. ‘-सिओं’ असा उच्चार होणारे, म्हणजे इंग्रजीत ‘-शन’ने संपणाऱ्या शब्दांचे फ्रेंच भाऊबंद, जवळपास सगळे स्त्रीलिंगी. ‘-माँ’ने संपणारी नामं बहुतेक पुल्लिंगी. ‘-आज’वालेही बहुतेक पुल्लिंगी, पण समुद्रकिनारा, चित्र आणि पान हे तीन नेहमीचे शब्द त्याला अपवाद आहेत. गोव्यातल्या मुलाला ‘किनारा’ हा शब्द दर निबंधात लागतो, तेव्हा हा अपवाद आधीच ठसवलेला बरा.

भूतकाळात तर मराठी फारच उपयोगी पडते. फ्रेंचमध्ये जाणं, येणं, पोचणं, निघणं अशी काही क्रियापदं भूतकाळात ‘असणे’ या साहाय्यक क्रियापदाबरोबर येतात आणि कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतात. बाकीची बहुतेक ‘जवळ असणे’ घेतात, ती कर्त्याप्रमाणे बदलत नाहीत. आता मराठी बघा: ‘तो गेला, ती गेली’ इथे क्रियापद कर्त्यामागे जातं. ‘तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली’ इथे मात्र कर्ता कुणीही असो, क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं. फ्रेंचमध्येही खाल्लेली वस्तू वाक्यात क्रियापदाच्या आधी आली, ‘मी खाल्लेला आंबा’ अशा रचनेत, तर क्रियापदाचं रूप त्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे लिहावं लागतं. इंग्रजीत विचार करणाऱ्या मुलाला हा नियम वर्षभर छळतो. मराठीतून समजावला की मुलं मान डोलावतात, कारण ती हे रोज बोलत असतात. दोन्ही भाषांचे नियम तंतोतंत सारखे नाहीत, पण कुणाकडे बघून क्रियापद बदलायचं, हा प्रश्नच मराठी मुलाला परका नसतो.

तसंच तू आणि तुम्ही. बाईंना ‘तू’ म्हणायचं नाही हे तिला शिकवावं लागणार नाही. आणि आकडे! ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस, ९९ म्हणजे चार-वीस-एकोणीस हे ऐकून मुलं वैतागतात. आपल्याकडची जुनी माणसं विसा-विसानेच मोजायची, आणि एकोणसत्तर म्हणताना आपणही सत्तरातून एक वजा करतोच. तुम्ही बाजाराचा हिशेब करताना तिला फ्रेंचमध्ये आकडे म्हणायला लावा. ऐकायच्या परीक्षेत फोन नंबर आणि किंमती हमखास असतात, आणि तिथे गुण जातात ते ७० ते ९९ याच टप्प्यात.

तुमच्या सासऱ्यांबद्दल. पोर्तुगीज घ्यायला हवी होती का? घरात जाणकार माणूस होता, म्हणून निवड सोपी झाली असती हे खरं. पण आता नववीच्या मध्यात बदल करू नका, आणि सासऱ्यांना बाजूलाही ठेवू नका. १९६१ च्या आधी शाळेत पोर्तुगीज शिकलेल्या पिढीकडे आज जे आहे, ते काही वर्षांनी गोव्यात कुणाकडे नसेल. पोर्तुगीज आणि फ्रेंच दोन्ही लॅटिनच्या लेकी. आजोबांनी पोर्तुगीज शब्द सांगावा, नातीने फ्रेंच, आणि दोघांनी जोड्या लावाव्यात. रात्र: नोइत आणि न्वी. आठ: ओइतु आणि व्वित. दूध: लेइत आणि ले. एकदा नजर बसली की अनोळखी शब्दाचा अर्थ मूल अंदाजाने काढू लागतं, आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांत याचा फार उपयोग होतो. लिंगही पुष्कळदा जुळतं. नाही जुळत तिथे एक गंमत त्यांना सांगा: पोर्तुगीजमध्ये ‘-आजें’ने संपणारे प्रवास, निरोप असे शब्द स्त्रीलिंगी, तेच शब्द फ्रेंचमध्ये ‘-आज’ होऊन पुल्लिंगी. समुद्र मात्र उलटा, पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी आणि फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. आजोबांना यात रस वाटेल याची मला खात्री आहे, आणि नातीला घरात बोलण्याजोगा सोबती मिळेल.

(ज्यांच्या मुलांनी पोर्तुगीज घेतली आहे त्यांच्यासाठी एक सूचना. ड्युओलिंगो या ॲपवरची पोर्तुगीज ब्राझीलची आहे. गोव्यात आपण प्रामुख्याने पोर्तुगालची शिकवतो. उच्चार वेगळे, ‘तू’-‘तुम्ही’ची वापरायची पद्धत वेगळी, ‘मी बोलते आहे’ या वाक्याची रचनासुद्धा वेगळी. ऐकायला पोर्तुगालच्या आरटीपी या सरकारी वाहिनीचे मुलांचे कार्यक्रम बरे. पणजीत कामोंइश संस्थेचं पोर्तुगीज भाषा केंद्र आहे, तिथल्याच फोंतेन भागात फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था आहे, तिथे चौकशी करावी.)

आता निबंध. पाठ केलेला निबंध परीक्षेत उतरवला की गुण मिळतात, हे मी नाकारत नाही. पण विषय जरासा बदलला की तो कामाचा राहत नाही, आणि मुलीला आपल्याला फ्रेंच येत नाही हे मनातून ठाऊक असतं. ते वाईट. गाइडमधला ‘माझा आवडता सण’ हा निबंध बहुतेक वेळा पॅरिसमधल्या नाताळावर असतो, बर्फ पडतो, आजी केक करते. तुमच्या मुलीने बर्फ पाहिलेला नाही. तिने चवथीवर, म्हणजे गणेशचतुर्थीवर लिहावं. माटोळीला काय काय बांधतात, सुपारीची शिपटी कोण आणतो, आरतीला कुठल्या काकांच्या घरी जमतात. किंवा दिवाळीच्या आदल्या रात्रीच्या नरकासुरावर: पोरं किती दिवस तो करत असतात, पहाटे कसा जाळतात. माटोळीला फ्रेंच शब्द नाही, तो तसाच ठेवायचा आणि पुढे एका साध्या वाक्यात सांगायचं: ‘हे लाकडी चौकटीवर टांगलेल्या फळांचं आणि फुलांचं छत आहे.’ असं एक वाक्य स्वतः जुळवताना ती जे शिकते, ते तीन निबंध पाठ करून शिकत नाही.

पद्धत अशी ठेवा. आधी दहा छोटी वाक्यं, तिला येत असलेल्या क्रियापदांतच. ती शिक्षिकेकडून तपासून घ्यायची. मग रोज त्यातला एकेक तुकडा बदलायचा: ‘आम्ही’च्या जागी ‘माझा भाऊ’, ‘दरवर्षी’च्या जागी ‘गेल्या वर्षी’, होकाराच्या जागी नकार. महिनाभरात त्याच दहा वाक्यांतून साठ-सत्तर वाक्यं तयार होतात आणि विषय कुठलाही आला तरी ती त्यातून निवडू शकते. भाषांतराचं ॲप निबंधासाठी अजिबात वापरू देऊ नका. नववीच्या वहीत बारावीनंतरचं क्रियापद दिसलं की आम्हाला लगेच कळतं, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे मुलीचा सराव बुडतो. शब्दाचा उच्चार ऐकायला ते ॲप चांगलं आहे, तेवढंच वापरा.

एक काम या आठवड्यातच करा. तिची सत्र परीक्षेची उत्तरपत्रिका मिळवा आणि दोघी शेजारी बसा. एकूण गुण बघू नका. प्रत्येक चुकीपुढे तिला एक खूण करायला सांगा: शब्दाचं स्पेलिंग किंवा डोक्यावरची खूण चुकली, लिंग-वचन-क्रियापद जुळलं नाही, की प्रश्नच कळला नाही. तिसऱ्या प्रकारच्या खुणा अनेक घरांत अनपेक्षितपणे जास्त निघतात. ‘सर्वनाम घालून वाक्य पुन्हा लिहा’, ‘अनेकवचन करा’, ‘कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप लिहा’ अशा सूचना फ्रेंचमध्ये असल्या आणि त्या कळल्या नाहीत, तर उत्तर येत असूनही गुण जातात. असे सूचनांचे शब्द जेमतेम वीसेक असतात. सगळे एका कागदावर लिहून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा. गुण सर्वांत लवकर सुधारतात ते इथे.

बोलण्याची लाज हा चौदाव्या वर्षाचा नैसर्गिक भाग आहे. म्हणून एक कळकळीची विनंती: घरी पाहुणे आले की ‘काकांना जरा फ्रेंच बोलून दाखव’ असं म्हणू नका. प्रेमाने म्हटलेलं असतं, पण एकदा ती सगळ्यांसमोर अडखळली की महिनाभर तोंड उघडणार नाही. वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीबरोबर रोज एक व्हॉइस मेसेज, अर्ध्या मिनिटाचा, फक्त फ्रेंचमध्ये, असं ठरवू द्या. चूक झाली तर पुसून पुन्हा रेकॉर्ड करता येतं, आणि ते पुन्हा पुन्हा बोलणं हाच सराव असतो. तुम्ही ते मेसेज ऐकायला मागू नका. रोज शाळेतून आल्यावर ‘किती मार्क पडले’ याऐवजी ‘आज कुठलं नवं वाक्य आलं, मला शिकव’ असं विचारा, आणि खरंच शिका. आईला शिकवताना मूल स्वतःच्या शंका शोधतं. तुमचा उच्चार चुकेल, ती सुधारेल, तिला बरं वाटेल.

ट्यूशन कधी लावावी? वरचं सगळं सहा आठवडे करूनही आठवीची चार मूळ क्रियापदं, म्हणजे असणे, जवळ असणे, जाणे आणि करणे, तिला न अडखळता सांगता येत नसतील तर जरूर लावा. पण रोज म्हापशाला पाठवू नका. आठवड्यातून एकदा, तीन-चार मुलांचा गट असेल तर उत्तम. ट्यूशनहून आल्यावर तिला एकच विचारा: आज तू किती वेळ बोललीस? उत्तर ‘आम्ही नोट्स उतरवल्या’ असं असेल तर ती संध्याकाळ वाया गेली. नोट्स घरीही उतरवता येतात.

ऐकण्यासाठी घरबसल्या चांगलं साहित्य फुकट मिळतं. तेवे-संक-मोंद या फ्रेंच वाहिनीच्या शिकण्याच्या संकेतस्थळावर पातळीनुसार छोटे व्हिडिओ आणि त्यावरचे प्रश्न असतात, तिने सर्वांत खालच्या पातळीपासून सुरुवात करावी. आरएफआय या फ्रेंच रेडिओची सोप्या फ्रेंचमधली दहा मिनिटांची बातमीपत्रंही आहेत, पण ती नववीला जड जातात, दहावीनंतर बघा.

फ्रेंचसाठी मराठी वाचन बंद करू नका. तिसऱ्या भाषेच्या रकान्यात फ्रेंच आली म्हणून मराठी शाळेतून गेली असेल तर घरात ती जास्तच हवी. ज्या मुलाला आपल्या भाषेत लांब वाक्य नीट उलगडता येतं, त्याला परक्या भाषेतलं लांब वाक्य घाबरवत नाही. गोष्टीची पुस्तकं, वर्तमानपत्राची पुरवणी, काहीही चालेल.

शेवटचा मुद्दा डेल्फ परीक्षेचा, कारण दहावीच्या आसपास कुणीतरी तुम्हाला तो सुचवेलच. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचं हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, आणि शाळकरी किशोरवयीन मुलांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे, पातळी तीच पण विषय त्यांच्या वयाचे. पहिली पातळी ए-वन. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण. एकूण १०० पैकी ५० हवेत, आणि कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर बाकीचे कितीही असले तरी नापास. म्हणजे निव्वळ लिखाणावर इथे निभावत नाही, म्हणूनच ती मला आवडते. दहावीच्या वर्षात बोर्डाच्या अभ्यासाबरोबर ही परीक्षा कोंबू नका. दहावी संपल्यानंतरच्या सुट्टीत, नमुना प्रश्नपत्रिका घरी सोडवून, ऐकण्याच्या भागात निम्म्याहून जास्त गुण पडू लागले की मगच अर्ज भरा. आणि अकरावीसाठी उच्च माध्यमिक विद्यालय निवडताना तिथे फ्रेंच शिकवतात का, ते प्रवेशाआधी विचारून घ्या. सगळीकडे नसते, आणि तीन वर्षांनी हाती आलेली भाषा केवळ त्या कारणाने सुटलेली मी फार वेळा पाहिली आहे.